योगा की पिलाटीज? तुम्ही विचारलंत म्हणून

लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला, परवा तर मटार निवडून घेताना सुद्धा तेच, "अगं तू दोन्ही करतेस ना, मग योगा चांगला की पिलाटीज?" दरवेळी "दोन्ही चांगलं" म्हणून सटकते, आज एकदाचं नीट सांगते.

मी आधी बारा वर्षं योगासनं केली. अंग मुळातलंच लवचिक, पश्चिमोत्तानासनात कपाळ सहज गुडघ्याला टेकायचं आणि मला त्याचा बऱ्यापैकी माज होता. तरी कंबर दुखायचीच. फिजिओ म्हणाली पिलाटीज करून बघा, म्हणजे पोटात जोर आणणारा सावकाश व्यायाम, म्हणून गेले. पहिल्याच दिवशी रोल-अप. म्हणजे उताणं झोपायचं, हात डोक्याच्या मागे लांब, आणि हिसका न देता एकेक मणका मॅटवरून सोडवत उठून बसायचं, मग तसंच पुढे वाकायचं. लांबून बघितलं तर शेवटी आपलं पश्चिमोत्तानासनच की! पण मी तिथवर पोचलेच नाही हो. खांदे उठले, मग गाडी अडकली, टाचा वर आल्या आणि मी धपकन खाली. शेजारच्या साठीच्या काकू मात्र सावकाश उठून बसल्या, आणि वर माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा. तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी नुसती लवचिकपणावर पास होत होते, पोटात जोर नव्हताच.

फरक मला तरी तिथेच दिसतो. आसनात पोचलात की थांबायचं, श्वास शांत होऊ द्यायचा, पतंजलींचं 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं हवं, तेच. पिलाटीजमध्ये मुक्कामाला फार महत्त्व नाही, कसे गेलात आणि कसे परत आलात ते बघतात. श्वाससुद्धा वेगळा, योगात बहुतेक वेळा नाकानेच आत-बाहेर, इथे नाकाने घ्यायचा आणि तोंडाने सोडताना पोट आत ओढायचं. हंड्रेड नावाचा प्रकार आहे, पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, असं दहा वेळा, आणि सगळा वेळ डोकं वर, पाय अधांतरी, हात खालीवर. ऐकायला सोपं वाटतं, सत्तरला मला आई आठवते.

हे काढणारा जोसेफ पिलाटीज, जर्मनीत 1883 मध्ये जन्मलेला, लहानपणी दमा आणि मुडदूस. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला नजरकैदेच्या छावणीत ठेवलं, तिथेही हा लोकांकडून व्यायाम करून घ्यायचा, पुढे न्यूयॉर्कला जाऊन स्टुडिओ काढला. आपल्या पद्धतीचं नाव ठेवलेलं कंट्रोलॉजी! गंमत म्हणजे आपले योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजीसुद्धा लहानपणी आजारीच, आणि 1937 मध्ये पुण्यात आले ते इथलेच झाले. एकाने रिफॉर्मर नावाचं स्प्रिंगा लावलेलं, सरकत्या फळीचं व्यायामाचं यंत्र बनवलं, दुसऱ्याने भिंतीला दोर, पट्टे, लाकडी ठोकळे आणले. धडधाकट माणसाला हे सुचलं नसतं असं आपलं मला वाटतं.

तर माझं मत, अंग लाकडासारखं असेल, सारखी पाठीत उसण भरत असेल, डोक्यात विचारांचं चक्र थांबत नसेल तर योगा. माझ्यासारखे लवचिक पण पोटात जोर नसलेले असाल तर पिलाटीज, आणि त्यासाठी रिफॉर्मरच्या महागड्या क्लासची गरज नाही, मॅटवरचं शिकून घ्या, पण शिकूनच, व्हिडिओ बघून मान आखडून घेतलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत (एक घरातच आहे). हाडं ठिसूळ झालीयत असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर दोन्हीकडचं असं पुढे वाकणं आधी त्यांना विचारा.

आणि वजन? ते दोन्हीने माझं फारसं हललं नाही, त्यासाठी टेकडीच चढावी लागली आणि रात्रीचा भात अर्धा करावा लागला.