ब्रेक फुसका, तरी शाबासकी

एट-बॉलमध्ये, म्हणजे पूलच्या टेबलावरच्या खेळात, ब्रेकला (बॉल पांगवणाऱ्या पहिल्या फटक्याला) एक तरी बॉल पॉकेटमध्ये जायला हवा, नाहीतर निदान चार बॉल कुशनला (टेबलाच्या कडेला) लागायला हवेत. यातलं काहीच झालं नाही तर पुढचं समोरचा ठरवतो: आहे त्या टेबलावर खेळेल, नवा रॅक लावून (बॉल पुन्हा त्रिकोणात रचून) स्वतः ब्रेक घेईल, किंवा तुम्हालाच पुन्हा करायला लावेल. इथे अमेरिकेत गुरुवारच्या लीगमध्ये माझा ब्रेक असाच फुसका गेला आणि समोरच्या वयस्क ट्रक ड्रायव्हरनं तिसरा पर्याय निवडला. वर हसून म्हणाला, ‘घे परत, आरामात घे.’

मला राग आला. दया कोणी मागितली होती?

आपल्या नागपुरात कॅरमचा पहिला फटका वाया गेला की दादा सुरूच व्हायचा, ‘काय करून राहिली बे? फुंकर मारली असती तरी जास्त पांगल्या असत्या सोंगट्या!’ मग पुढचा फटका जीव खाऊन बसायचा. इथे कोणी हसतच नाही. तुम्ही चांगला शॉट मारलात की प्रतिस्पर्धीच क्यू (खेळायची काठी) जमिनीवर ठोकून दाद देतो. वाईट मारलात तर म्हणतो, ‘अगदी थोडक्यात हुकला.’ थोडक्यात कुठला, चांगला वीतभर लांब होता! सगळेच कौतुक करायला लागले तर आपल्याला खेळता येतं की नाही हे कळायचं कसं? दादाच्या एका टोमण्यात जेवढी माहिती असायची, तेवढी या लोकांच्या महिनाभराच्या शाबासकीत नसते.

तोंड उघडलंच आहे तर बढाई मारावी म्हणून मी त्या ड्रायव्हरला सांगितलं की स्नूकर आमच्या शेजारच्या जबलपूरला, १८७५ साली, इंग्रज फौजेच्या मेसमध्ये जन्मलं. आणि बिलियर्ड्समध्ये १९५८ साली जगज्जेता झालेला विल्सन जोन्स जन्मानं पुण्याचा. (पुण्याचं कौतुक नागपूरकरानं करावं, ही परदेशाची किमया.) तो म्हणाला, ‘मग तुझ्या रक्तातच आहे!’ आता याला काय सांगणार? स्नूकरचा ब्रेक म्हणजे लाल बॉलना जेमतेम चाटून पांढरा, म्हणजे क्यूनं मारायचा, बॉल परत आणायचा. इथे तर सगळं पांगवायचं असतं.

शिकवलं मात्र त्यानंच, आणि सुरुवात जोरापासून केली नाही. आधी रॅक बघ, म्हणाला. बॉल एकमेकांना चिकटलेले नसतील तर कितीही ताकद लावली तरी ती मधल्या फटींत मुरते. मग सोळा आण्यांपैकी अकरा आणेच जोर लावायचा, पण पुढच्या बॉलच्या बरोब्बर मध्यावर. जरा बाजूला लागला की पांढरा भलतीकडे पळतो आणि बाकीचे जागच्या जागी. क्यू होईल तितका आडवा. मागून उचलला की पांढरा उडी मारतो. पांढरा टेबलाच्या मध्याशी थांबायला लागला की मगच जोर वाढवायचा. खडू, दोनदा क्यू मागेपुढे, क्षणभर थांबणं, फटका. रोज तेच, त्याच क्रमानं. बाकीचे शॉट समोरच्यानं काय ठेवलंय त्यावर अवलंबून. ब्रेकला मात्र पांढरा बॉल रेघेमागे हवा तिथे ठेवता येतो, म्हणून सबबच उरत नाही. माझी धडधड त्याचीच होती.

आता पांढरा बऱ्याचदा थांबतो. दादाला व्हिडिओ पाठवला तर म्हणाला, ‘एवढ्यासाठी अमेरिकेत गेली का तू?’

हो, थोडं त्यासाठीही. धरमपेठेतल्या पूलच्या पार्लरमध्ये तो मित्रांसोबत खेळायचा तेव्हा मी बाहेर स्कूटीवर बसून असायची. मुली आत जात नाहीत, असं कोणी म्हटलं नव्हतं. पण आत गेल्यावर सगळे बघत राहिले असते. इथे माझ्याकडे कोणी बघत नाही, त्याबद्दल त्या शाबासक्या मी चालवून घेते.

डिसेंबरात येतेय. त्याच पार्लरला जाऊ, पहिला ब्रेक माझा. आणि दादा, बोलायचं ते बिनधास्त बोल.