सरळ रस्त्यावर उड्या मारणारी गाडी

२३ फेब्रुवारी २०२२. नव्या नियमांच्या फॉर्म्युला वन गाड्या बार्सिलोनात पहिल्यांदा एकत्र ट्रॅकवर उतरल्या होत्या आणि आम्ही इंग्लंडमधल्या कारखान्यात आकडे बघत बसलो होतो. माझ्याकडे गाडीचा फ्लोअर, म्हणजे तळ. प्रेक्षकांना विंग, म्हणजे गाडीला खाली दाबणारे पुढचे-मागचे पंख, दिसतात, पण त्या वर्षी खरी करामत तळातच होती. १९८३ पासून चाकांमधला तळ सपाट ठेवायची सक्ती होती. आता तिथे दोन लांब बोगदे आले होते. त्यांतून हवा वेगाने जाते, दाब घटतो आणि गाडी जमिनीकडे ओढली जाते. पुढच्या गाडीच्या मागची खवळलेली हवा विंगला जितकी छळते तितकी तळाला छळत नाही, म्हणून हा सारा खटाटोप.

वळणांत सगळं छान. मग गाडी मुख्य सरळ रस्त्यावर आली, वेग वाढला आणि तळाची जमिनीपासूनची उंची दाखवणारी रेघ करवतीच्या दात्यांसारखी खालीवर व्हायला लागली. शेजारचा म्हणाला, "सेन्सर गेला." तेवढ्यात कॅमेऱ्यातलं चित्र आलं. ड्रायव्हरचं हेल्मेट त्याच तालात हलत होतं! रेडिओवर त्याने एवढंच विचारलं, की ब्रेक मारायच्या खुणेचे फलक त्याला नीट वाचता येत नाहीत, हे असंच राहणार आहे का.

हेच ते पॉरपॉइझिंग. वेगाबरोबर जमिनीकडची ओढ वाढते, तळ खाली जातो, फट अरुंद झाली की ओढ आणखी वाढते. एका मर्यादेनंतर खालचा प्रवाह कोंडतो, ओढ एकदम सुटते आणि स्प्रिंग गाडीला वर ढकलतात. प्रवाह पुन्हा जमतो, गाडी पुन्हा खाली. सेकंदात अनेकदा.

विंड टनेलने, म्हणजे गाडीच्या मॉडेलवर हवा सोडून तपासायच्या यंत्रणेने, हे आधी का सांगितलं नाही, असं मला अजूनही विचारतात. तिथलं मॉडेल नियमाने जास्तीत जास्त ६० टक्के आकाराचं आणि हवेचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. ट्रॅकवर ३०० ला हवेचा जोर त्याच्या पावणेतीन पटींहून जास्त. शिवाय मॉडेल वरून दांड्याला धरलेलं असतं. त्याला स्प्रिंगवर मोकळं नाचताच येत नाही. आणि तळ फार खाली नेला तर तो रस्त्याच्या जागी खाली फिरणाऱ्या पट्ट्याला घासेल, या धास्तीने नेमका तोच भाग हात राखून तपासला जातो.

आमच्यातला एक जुना गडी मात्र गालातल्या गालात हसत होता. लोटस संघाची १९७९ ची गाडी, लोटस ८०, म्हणे अशीच नाचायची. त्यांचा ड्रायव्हर आँद्रेत्तीने ती मोजक्याच शर्यतींत चालवली आणि संघ पुन्हा आदल्या वर्षीच्या लोटस ७९ या गाडीकडे वळला. हे तुम्ही हिवाळ्यात का नाही बोललात, असं विचारल्यावर त्याने खांदे उडवले.

दुपारी खरा वाद झाला. गाडी उचलली तर उड्या थांबतात, पण मिलिमीटरगणिक ओढ गळते. फ्लोअरची कड कापली तर कोंडणारी हवा बाजूने निसटते, पण मग ती वळणांतही निसटते. गाडीचा वेग बघणारे परफॉर्मन्सवाले म्हणत होते, ड्रायव्हरने सोसावं. माझं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आजही आहे: आलेखावरच्या सर्वोच्च आकड्यापेक्षा, उंची थोडी बदलली तरी टिकणारी ओढ लाख मोलाची. शिखर गाठणारा तळ सादरीकरणात शोभतो, लॅप टाइममध्ये नाही.

शेवटी दोन्ही थोडं थोडं केलं: गाडी उचलली आणि मेकॅनिकांनी गॅरेजमध्येच कड कापली. इतर संघांच्या गॅरेजांतही कात्र्या चालूच होत्या. मार्चमध्ये बहरीनला नियम ठरवणाऱ्या एफआयए या संस्थेने कडेला आधार द्यायला छोटी सळई लावू दिली, आणि २०२३ साठी सगळ्यांच्याच तळाच्या कडा १५ मिलिमीटर वर नेल्या. त्या १५ मिलिमीटरमुळे माझा हिवाळ्याचा आराखडा पुन्हा मुळापासून काढावा लागला.