सभेचं प्रकरण आणि मावशीचा प्रश्न

लिहिताना मी कुठेही बसू शकते, लोकलमध्ये सुद्धा, पण एडिटिंग सुरू झालं की माझा दिवस ठरलेला असतो. पहाटे उठून प्रिंटआउटवर काम, स्क्रीनवर मला वाक्य नीट दिसतच नाही, आणि सकाळी हातात फक्त लाल पेन म्हणजे काटायचंच, नवीन काही सुचलं तरी समासात एखादा शब्द लिहून पुढे जायचं. दुपारी त्या सगळ्या दुरुस्त्या टाईप करायच्या, नवीन लिखाण तेव्हाच. ऱ्हस्व-दीर्घ वगैरे या टप्प्यावर बघत नाही, ते प्रूफं आल्यावर. संध्याकाळी मात्र एक प्रकरण मोठ्याने वाचायचं, हे मी चुकवत नाही, कारण संवाद खोटा असेल तर तो कानालाच कळतो.

सध्याची कादंबरी गिरणी संपाची आहे. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. टेबलासमोरच्या भिंतीवर मी एक मोठा तक्ता चिकटवलाय, त्यात तारीख, तिथी, कुठलं पात्र कुठे, कुणाचं वय किती. 18 ऑगस्टला मुंबईत पोलिसांनीच बंड केलं आणि लगेच 22 ला गणेश चतुर्थी, हे शेजारी शेजारी लिहिल्यावरच मला दिसलं की माझी कोकणातली पात्रं तेव्हा मुंबईत आहेत की गावाला, हे ठरवल्याशिवाय मधली दोन प्रकरणं उभीच राहणार नाहीत. एडिटिंग म्हणजे व्याकरण तपासणं असं बऱ्याच जणांना वाटतं, खरं काम हे असतं.

तर त्या दिवशी मावशी माझ्याकडे राहायला आलेली. तिची लालबागला चाळीत खाणावळ होती, बायकापोरं गावाला ठेवून आलेले, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार तिच्याकडे महिन्याच्या हिशोबावर जेवायचे, पगार झाला की पैसे द्यायचे. संध्याकाळी वाचनाची वेळ झाली तेव्हा मी तिलाच म्हटलं बस समोर, ऐक. पहिलं प्रकरण, सभेचं. या प्रकरणावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती, जुने पेपर काढून वाचलेले, घोषणा, गर्दी, भाषण, सगळं. वाचताना माझा आवाज पण चढला.

मावशीने शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "चांगलं आहे गो. पण ती पोरं त्या रात्री जेवली कुठं?"

मी म्हटलं मावशी, जेवण पुढे येतं, सातव्या प्रकरणात. तर ती म्हणाली, "सातव्यापर्यंत उपाशी ठेवलंस काय त्यांना?" हसत नव्हती ती, खरंच विचारत होती. आणि मग बोलायला लागली ते रात्री उशिरापर्यंत. उधारीची वही कशी जाड होत गेली, आमटी कशी पातळ होत गेली, पगार नाही म्हणून जेवण बंद असं सांगायला तोंड उघडायचं नाही, कारण त्यांच्याशिवाय खाणावळ कोणाची? गणपतीला गावी गेलेले काही परतलेच नाहीत, आणि एक जण मात्र तांदळाचं गाठोडं घेऊन आला, म्हणाला पैसे नाहीत, हे धरा. तिच्या ओळखीच्या काही बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळामुळे बँकेचं कर्ज मिळालेलं. प्रेमा पुरवांनी 1975 ला खाणावळी चालवणाऱ्या बायकांसाठीच ती संस्था उभी केली, तोवर या बायका भांडी नाहीतर मंगळसूत्र सावकाराकडे ठेवायच्या. संपाच्या गोष्टीत गिरणी, युनियन, मालक, सरकार सगळे येतात, पण अडीच लाख माणसांना रोज कोणीतरी जेवायला घालत होतं आणि संप त्या चुलीपर्यंत पोचला होता, हे फार कमी वेळा येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सभेचं अख्खं प्रकरण काटलं. वाईट वाटलं, खूप वाटलं, त्यातलं भाषण मला अजूनही आवडतं. पण कादंबरी त्या मैदानात सुरू होत नाही हे आता मला पक्कं कळलेलं. सभा आता फक्त एवढीच उरलीय की पोरं उशिरा येतात, घसे बसलेले, आणि खाणावळवाली झाकून ठेवलेली ताटं काढते. कोण काय बोललं ते ती त्यांच्या तोंडून ऐकते, अर्धंमुर्धं, वाढता वाढता. माझ्या मते तीन ओळींत जे आलं ते आधी अख्ख्या प्रकरणात आलं नव्हतं.

अर्थात याने पुढचं सगळं हललं. नायक आता दुसऱ्या प्रकरणात येतो, सातवं प्रकरण फुटून तीन ठिकाणी गेलं, खाणावळवालीचं वय, तिची मुलं, तिचं गाव, हे आधी दोन वाक्यांत होतं ते आता पूर्ण लागणार. प्रकाशकांना फोन करून सांगितलं की फॉर्म, म्हणजे छपाईची पानं, वाढतील, ते म्हणाले वाढू देत, आधी लिहून पूर्ण करा. मावशीचा मुक्काम मी वाढवून घेतलाय आणि तक्त्यात एक नवीन रकाना पाडलाय, कोणाची किती उधारी.