कोयता, नोंद सातवी: कडक आणि ताठ यातला घोळ

मागच्या नोंदीतला कोयता आठवत असेल. धार चांगली बसली होती, पण नारळावर घाव घातला की पातं मुठीपुढे लवायचं. त्यावर मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं, ‘पाणी (म्हणजे लाल तापवून एकदम बुडवून कडक करणं) कमी पडलं, पुढच्या वेळी जास्त कडक करतो.’ ते वाक्य मागे घेतोय. त्यापायी दोन रविवार गेले, पण वाया नाही गेले.

झालं असं की नवा कोयता घडवण्याआधी म्हटलं, कडक केल्याने लवणं खरंच कमी होतं का, मोजून तरी बघू. स्प्रिंगच्या पोलादाची ३ मिमी जाड, २५ मिमी रुंद पट्टी आणली आणि तिचे तीन तुकडे केले. पहिला लाल करून रात्रभर राखेत पुरला, म्हणजे अगदी मऊ. उरलेल्या दोघांना पाणी दिलं. पाणी म्हणायचं, खरं तर तेल: शेंगतेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून. (कोमट तेल पातळ होतं, त्यामुळे गार तेलापेक्षा ते उष्णता लवकर ओढतं. मला हे आधी उलटं वाटायचं.) तापमानासाठी तीच जुनी युक्ती, चुंबक. ७७० अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला धरेनासं होतं. त्यानंतर रंग जरासा उजळेपर्यंत थांबायचं आणि बुडवायचं.

यातली एक पट्टी थोडी वाकडी निघाली. मी शहाणपणा करून ऐरणीवर ठेवली आणि हातोडीने हलकेच ठोकली. ‘टण’ नाही, ‘टिक’ असा आवाज आला आणि दोन तुकडे! तुटलेली कड उन्हात धरली, तर खडीसाखरेसारखे चमचमणारे दाणे. म्हणजे ठिसूळ तर होतीच, वर मी ती जास्त तापवली होती. नीट तापलेल्या पोलादाची मोड राखाडी आणि मऊसूत दिसते. आमच्या गल्लीतले लोहारमामा तुकडे बघून एवढंच म्हणाले, "पाणी पाजलेल्याला लगेच मारू नये रे. आधी त्याला जरा उतरव." उतरवणं म्हणजे टेंपर: पुन्हा बेताचं तापवून ठिसूळपणा कमी करणं. मग उरलेली पट्टी ओव्हनमध्ये २२० अंशांना दोन तास, दोनदा. बाहेर आली तेव्हा गवती पिवळा रंग. स्वयंपाकघरात तेलाचा वास आणि त्यावर घरात झालेली चर्चा, दोन्ही इथे लिहीत नाही.

आता मुख्य प्रयोग. पट्टी व्हाइसमध्ये आवळली, २०० मिमी बाहेर ठेवली, टोकाला ३ किलो टांगले, मागे मोजपट्टी उभी. मऊ पट्टी सुमारे ७ मिमी लवली. कडक पट्टी लवली साडेआठ! कडक केल्यावर जास्त लवते? अर्धा तास डोकं खाजवल्यावर जाडी मोजायला व्हर्नियर काढला. तेलातून निघालेली काळी खपली काढताना मी कानस जास्तच चालवली होती, पट्टी २.८ मिमी उरली होती. लवणं जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात चालतं, त्यामुळे ०.२ मिमी गेले की लवणं जवळजवळ पावपट वाढतं. मऊ पट्टीही घासून २.८ केली. दोघींचं माप अर्ध्या मिलिमीटरच्या आत सारखं!

हिशेबही तेच सांगतो. पोलादाचा यंगचा गुणांक, म्हणजे ताणायला तो किती विरोध करतो त्याचं माप, सुमारे २०० गिगापास्कल. मऊ असो वा कडक, त्यात फार फरक पडत नाही. लवताना अणूंमधले बंध ताणले जातात, आणि ते बंध पाणी दिल्याने बदलत नाहीत. पाण्याने बदलते ती अणूंच्या थरांची एकमेकांवरून घसरण. कार्बन लोखंडाच्या अणूंच्या जाळीत अडकून बसतो आणि ती घसरण रोखतो. त्याचा परिणाम बघायला वजन वाढवायला हवं.

म्हणून पाच-पाच किलोच्या तीन तांदळाच्या पिशव्या टांगल्या. मऊ पट्टी व्हाइसच्या तोंडाशी वाकत गेली, पिशव्या घसरून खाली, आणि पट्टी तशीच वाकडी राहिली. टेंपर केलेली खूप लवली, पण पिशव्या काढताच पुन्हा सरळ. व्हर्नियर लावूनही वाकडेपणा सापडेना.

आपण दोन्ही गोष्टींना ‘कडक’ म्हणतो, घोळ तिथेच आहे. किती लवेल ते जाडी आणि लांबी ठरवते. लवून परत येईल की वाकडं राहील की तुटेल, ते पाणी आणि टेंपर ठरवतात. माझ्या कोयत्याचं पाणी ठीकच होतं. पातं पातळ होतं.

नव्या कोयत्याची पाठ ४ मिमी ठेवतोय. ३ मिमीच्या तुलनेत ताठपणा सव्वादोनपटीहून जास्त. वजन वाढेल, म्हणून टोकाकडे निमुळती करणार. भंगारातला ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा आणलाय, पण त्यात एक बारीक भेग दिसतेय, तेवढा भाग छाटून टाकावा लागेल. मूठ बाभळीची की सागाची, यावर सांगा.