गाडी बिंदू चौकात, आम्ही रंकाळ्यावर

ह्यांच्या निवृत्तीनंतरची ही आमची पहिली सहल. ती आखताना आम्ही एकच गोष्ट ठरवली होती, की पहिल्या दिवशी काहीही उरकायचे नाही. नोकरी आणि मुलांच्या शाळा सांभाळून काढलेल्या चार दिवसांच्या रजेत आम्ही आजवर जितक्या सहली केल्या, त्या सगळ्या पहाटे चारला निघून आणि वाटेतले प्रत्येक ठिकाण यादीतून खोडत केल्या. त्यांतल्या कित्येक गावांचे फोटो आमच्याकडे आहेत, पण त्या गावांत संध्याकाळ कशी होते हे विचारले तर आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही. याची रुखरुख मला बरीच वर्षे होती.

म्हणून कोल्हापूर निवडले. पुण्याहून ते जेमतेम २३० किलोमीटर आहे आणि लग्नकार्ये, देवीचे दर्शन, गोव्याला जाता-येता केलेले जेवण अशा निमित्तांनी आम्ही तिथे निदान पंधरा वेळा तरी गेलो असू. मात्र एकदाही रात्री मुक्कामाला थांबलो नव्हतो. हे शहर आमच्यासाठी कायम वाटेवरचे गाव राहिले. इतक्या जवळच्या आणि इतक्या भरलेल्या गावाला आपण असे वागवले याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि या वेळी चार दिवस फक्त कोल्हापूर, पन्हाळासुद्धा नाही, हा माझा हट्ट ह्यांनी मान्य केला.

जानेवारीतल्या एका मंगळवारी, शनिवार-रविवारची गर्दी टाळून, सकाळी साडेआठला आम्ही निघालो. दर दीड तासाने थांबायचे आणि कऱ्हाडपासून पुढे गाडी मी चालवायची असे ठरले होते. खंबाटकीचा घाट चढून गेल्यावर थंडी अंगाला जाणवू लागली. साताऱ्याच्या अलीकडे चहा घेतला आणि कंदी पेढ्यांचा पाव किलोचा पुडा बांधून घेतला. इथपर्यंतच्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही.

कऱ्हाडला मात्र आम्ही महामार्ग सोडून गावात शिरलो आणि प्रीतिसंगमावर गेलो. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेल्या कृष्णा आणि कोयना या दोन्ही नद्या इथे समोरासमोरून येऊन भेटतात. एक नदी दुसरीला बाजूने येऊन मिळते तसा हा संगम नाही. दोघी एकमेकींच्या अंगावर येतात आणि मग एकत्र पूर्वेकडे वळतात. जानेवारीत पाणी संथ असते, त्यामुळे ती भेट नीट दिसते. संयुक्त महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची समाधी याच काठावर आहे. तिथे नमस्कार करून आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही आणि कांदा. समोर एक बाई गोधडी धूत होत्या. भिजून जड झालेली ती गोधडी दोघींनी दोन टोकांना धरून पिळायला हवी होती आणि त्या एकट्याच होत्या, म्हणून मी उठून दुसरे टोक धरले. गोधडी पिळून होईपर्यंत त्यांनी मला कुठून आलात, कुठे निघालात, सोबत कोण आहे, सगळे विचारून घेतले. डबा संपला तरी आम्ही तास-दीड तास तिथेच बसून होतो. स्वतःची गाडी असण्याचा खरा फायदा मला इथे पटला. मनात येईल तिथे थांबता येते आणि पुढची वेळ कोणाला द्यायची नसते. आम्ही मात्र इतकी वर्षे तिचा उपयोग अधिक लांब पळण्यासाठीच करत आलो होतो.

पुढचा रस्ता उसाचा. कारखाने सुरू असल्याने ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून, दोन्ही बाजूंना ऊस बाहेर आलेला, अशी वाहतूक अखंड चालू होती. त्यातच महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम सुरू असल्याने जागोजागी वळणरस्ते काढले होते, आणि तसल्या अरुंद पट्ट्यात पुढे ट्रॅक्टर असला की मागच्याने गुमान चालावे हेच शहाणपणाचे. मी तशीच चालवत राहिले. ट्रॉलीतली उसाची पाचट वाऱ्याने उडून काचेवर येत होती, आणि त्यातले एक लांब पाते वायपरच्या पट्टीत अडकून कोल्हापूरपर्यंत फडफडत आले. पंचगंगेचा पूल ओलांडताना ह्यांनी २०१९ च्या ऑगस्टची आठवण काढली. त्या महापुरात शिरोलीजवळ हाच महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. आज खाली नदी शांत होती आणि काठावर हिरवागार ऊस उभा होता.

तावडे हॉटेलच्या कमानीतून शहरात शिरलो तेव्हा साडेतीन वाजले होते. देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर आम्ही खोली ठरवली होती. गाडी लावायला जागा आहे असे फोनवर दोनदा सांगूनही प्रत्यक्षात तिथे दुचाकींपुरतीच जागा निघाली. क्षणभर मी खूप चिडले. मग तिथल्याच एका तरुणाने, ‘काकी, बिंदू चौकातल्या पार्किंगला लावा की, पाच मिनिटं चालायला लागतंय,’ असे सांगितले आणि स्वतः पुढे बसून वाट दाखवायला आला. गाडी तिथे लावून बाहेर पडलो आणि पुढचे तीन दिवस तिला हात लावायचा नाही हे आम्ही चौकात उभ्या-उभ्याच ठरवून टाकले.

बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे आहेत. ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेब हयात असताना, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ते इथे बसवले गेले. या चौकातून आजवर मी गाडीच्या काचेआडूनच गेले होते, त्यामुळे समोर उभे राहून ते पुतळे पाहिले ते पहिल्यांदा. जवळच्या टपरीवर चहा घेताना गंगाराम कांबळे यांची आठवण निघाली. अस्पृश्य ठरवल्या गेलेल्या गंगारामांना शाहू महाराजांनी याच शहरात चहाचे दुकान काढायला मदत केली, आणि तिथला चहा कोणी घेईना तेव्हा महाराज स्वतः जाऊन तो घेऊ लागले. पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा १९०२ चा त्यांचा हुकूम मोठा खराच, पण चारचौघांदेखत घेतलेला तो चहाही मला तितकाच मोठा वाटतो.

तिथून मिरजकर तिकटीच्या बाजूने खासबागेकडे गेलो. शाहू महाराजांनी बांधलेले हे कुस्तीचे मैदान आणि त्याला लागून असलेले केशवराव भोसले नाट्यगृह मला बाहेरून तरी पाहायचेच होते. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले हे नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये, ८ तारखेच्या रात्री, आगीत जळाले. दुसऱ्याच दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. उभारणीचे काम चाललेले पाहून थोडे बरे वाटले. आमच्याशेजारी साठी उलटलेले एक गृहस्थ उभे होते. काही न विचारताच ते म्हणाले, ‘त्या रात्री अख्खं कोल्हापूर इथं रस्त्यावर उभं होतं बघा.’ त्यांना पुढे बोलवेना. आम्हीही काही बोललो नाही, नुसते त्यांच्याजवळ थांबलो. एखाद्या गावाचे आपल्या रंगभूमीवर इतके प्रेम असावे, याचा मला फार आदर वाटतो.

पहिल्या दिवशी दर्शनाच्या रांगेत उभे राहायचे नाही असे ठरले होते खरे, पण देवीच्या गावात येऊन तिला न सांगता पुढे जाणे मला जमेना. भवानी मंडपाकडून वळसा घालून आम्ही महाद्वारापाशी आलो आणि बाहेरूनच हात जोडले. कोल्हापूरकर तिला अंबाबाई म्हणतात आणि मीही तेच म्हणते. देवीचे मुख पश्चिमेला आहे. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरच्या ९ ते ११ तारखांना आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत, मावळत्या सूर्याची किरणे या महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात पोहोचतात. ती पहिल्या दिवशी चरणांवर पडतात आणि पुढच्या दोन दिवसांत वर चढत जातात. महाद्वार रोडवरच्या उंच इमारतींचा या किरणांना अडथळा होतो ही इथली जुनी तक्रार आहे. ती रास्त आहे. इतक्या शतकांपूर्वी दगडात मांडलेले गणित आपल्या मजल्यांनी अडवावे, हे पटत नाही.

त्या रस्त्यावरच्या गर्दीत एक गोष्ट कानाला सतत सुखावत होती. इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो’, ‘मी बघितलो’ असे बोलतात. माझी आजी कागलची, तीही असेच बोलायची, आणि पुण्यात आल्यावर तिने ते हळूहळू सोडले होते. एका फुलवालीने गजरा बांधता बांधता ‘थांबा ताई, आत्ता देतो’ म्हटले आणि मला तो आवाज जवळजवळ ओळखीचा वाटला.

चप्पल लाईनमध्ये ह्यांना पायताण घ्यायचे होते. दुकानदार मामांनी जोड हातात दिला नाही, आधी पाय पुढे करायला लावला आणि पंजाची रुंदी डोळ्यांनीच मोजली. खरे कातडे कसे ओळखायचे, कान आणि पट्टा कुठे शिवलेला असतो, वेणी एकाच चामड्याच्या पट्ट्यांची कशी गुंफतात, हे त्यांनी जोड उलटा-सुलटा करून दाखवले. नवे पायताण पहिले दोन दिवस अंगठ्याला लागणारच, त्याला रात्री तेल लावून ठेवा आणि सकाळी घाला, असेही बजावले. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. मामांच्या मते त्यात काही वावगे नाही, कारण काम करणारे हात दोन्हीकडचे आहेत. या एका जोडासाठी आमची पाऊण तास बैठक झाली. दुसरी कुठली सहल असती तर मी तेवढ्यात तीनदा घड्याळ पाहिले असते.

रंकाळ्यावर पोहोचलो तेव्हा सूर्य खाली यायला लागला होता. देवळासाठी दगड काढलेल्या खाणीचा हा तलाव झाला, असे इथे सांगतात. पलीकडच्या काठावर १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला शालिनी पॅलेस झाडांतून डोके काढून उभा होता. काठावर फिरायला आलेली माणसे, शाळेच्या गणवेशातली मुले, भेळेच्या गाड्यांवरचा कांदा चिरण्याचा आवाज. आम्ही कठड्यावर बसलो. पाणी आधी पिवळे, मग तांबूस आणि शेवटी शिशासारखे झाले. ह्यांनी फोन खिशातून काढला, पुन्हा आत ठेवला आणि मला म्हणाले, ‘अगं, आपण दोघं असे नुसते शेवटचे कधी बसलो होतो?’ मला आठवले नाही. मी तसे सांगितले. मग आम्ही मुलांबद्दल बोललो, ह्यांच्या ऑफिसच्या शेवटच्या दिवसाबद्दल बोललो, ज्याबद्दल सहा महिन्यांत हे एक शब्दही बोलले नव्हते. ते काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण ते बोलायला त्यांना मोकळी संध्याकाळ लागली, आणि ती मिळाली याचे समाधान मला आजही आहे.

परतताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबलो. संध्याकाळी इथे म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात. तालमींच्या या शहरात पैलवानांसाठी रुजलेली ही रीत आज घरची माणसे, म्हातारे, लहान मुले, सगळेच चालवतात. गवळ्याने म्हशीची कास पाण्याने धुतली, तिच्या पाठीवर एकदा थोपटले आणि थेट पेल्यातच धार सोडली. पहिल्या धारेचा आवाज पेल्याच्या तळावर खणखणीत आला, मग पेला भरत गेला तसा तो मऊ होत गेला आणि वर बोटभर फेस चढला. दूध अंगाइतके कोमट होते. साखर न घालताही गोड लागले. शेजारी कान मोडलेला एक तरुण पैलवान एकामागून एक पेले रिकामे करत होता. त्याने ह्यांना आदराने विचारले, ‘अजून एक घेणार काय काका?’ ह्यांनी घेतला.

त्यानंतर जेवायला जागा उरली नव्हती. तांबडा-पांढरा दुसऱ्या दिवसावर गेला, टाऊन हॉलच्या संग्रहालयातली ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली रोमन पोसायडनची छोटी कांस्यमूर्तीही गेली, आणि मेजर मँटने आराखडा केलेला नवा राजवाडा तर तिसऱ्या दिवसावर. खोलीकडे जाताना मुद्दाम बिंदू चौकातून गेलो. गाडीच्या काचेवर धुळीचा पातळ थर बसला होता आणि वायपरमध्ये उसाचे ते पाते तसेच अडकलेले होते. ह्यांनी ते काढायला हात पुढे केला. ‘अहो, राहू द्या,’ मी म्हटले. पार्किंगची पावती उद्या सकाळी वाढवून घ्यायची, एवढेच बोलून ते माझ्याबरोबर चालू लागले. नव्या पायताणांचा जोड त्यांच्या काखेत होता, आणि खोलीवर गेल्यावर तेलाची बाटली कुठून मिळवायची याचा विचार मी करत होते.