जास्वंदीच्या कळ्या का गळतात?

श्रावण लागला की आमच्या गुहागरात जास्वंदीची विचारपूस सुरू होते. चतुर्थीला बाप्पाला लाल फूल हवं, आणि नेमक्या तेव्हाच झाडाखाली पिवळ्या कळ्यांचा सडा पडलेला असतो. शेजारच्या काकी परवा कुंपणाशी उभ्या राहून म्हणाल्या, "अगो, औषध कोणतं मारू?" मी म्हटलं, "काकी, आधी एक कळी फोडून बघूया."

गळलेली कळी उचलायची, नखाने उभी चिरायची आणि उजेडात धरायची. पाकळ्यांच्या बुडाशी तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसल्या तर समजायचं, हे कळीमाशीचं काम. नीट बघितलं तर एखादी अळी अंग आखडून उडीही मारते. माशी कोवळ्या कळीत अंडी घालते, कळी पिवळी पडून गळते, अळी बाहेर पडून मातीत शिरते, तिथेच कोश होतो आणि नवी माशी पुन्हा वरच्या कळ्यांवर जाते. अळी कळीच्या आत असल्यामुळे वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. पडलेल्या कळ्या रोज वेचायच्या, झाडावरच्या पिवळ्या पडलेल्याही काढायच्या आणि साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या. खतखड्ड्यात अजिबात टाकायच्या नाहीत. एक चक्र तीन-चार आठवड्यांचं असतं, त्यामुळे महिना-दीड महिना तरी यात खंड पडू देऊ नका. काकींच्या कळीत अळ्याच निघाल्या.

कळी आतून स्वच्छ निघाली तर पाण्याकडे बघा. वैशाखात कुंडी एकदा कडकडीत वाळली तरी कळ्या गळतात, आणि आषाढात मुळं पाण्यात राहिली तरीही. दुहेरी पाकळ्यांच्या जातींत ही तक्रार जास्त असते.

आता पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. शेंड्याची पानं चुरगळलेली, बेचक्यात कापसासारखा पांढरा थर, आणि खोडावरून मुंग्यांची ये-जा. या मुंग्यांना ढेकणाच्या अंगातून निघणारा गोड चिकटा हवा असतो; त्यासाठी त्या ढेकणाच्या शत्रूंना हुसकावून लावतात. मुंग्यांची वाट बंद केली की निम्मं काम होतं. खोडाला कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा, सालीला थेट लावू नका. भिंतीला टेकलेल्या फांद्याही छाटा, नाहीतर मुंग्या तिथून चढतात. मग पाण्याचा जोरदार फवारा, आणि उघडीप बघून संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साबण मिसळून.

पण फवारण्याआधी पाच मिनिटं झाडाजवळ उभे राहा. त्या पांढऱ्या थरात एखादा लांब झुलपांचा, ढेकणापेक्षा मोठा आणि भराभर चालणारा जीव दिसला तर त्याला मारू नका. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी. दिसते ढेकणासारखी, पण खाते ढेकणालाच! हा किडा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला आणि आपल्याकडचे द्राक्षबागायतदार आजही तो बागेत सोडतात. लोक त्याच्या अळ्या चिरडतात तेव्हा माझा जीव अगदी तुटतो.

पानं पिवळी पडली की कुणीतरी हमखास लोहाची कमतरता सांगतं. आपल्या जांभ्याच्या तांबड्या मातीत लोह भरपूर आहे आणि माती आम्लधर्मी असल्यामुळे झाडाला ते मिळतंही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर झाड नव्या गिलाव्याच्या भिंतीशी आहे का ते बघा, कारण सिमेंट-चुन्याने तिथली माती बिघडते. जून पानं पिवळी पडत असतील तर कारण बहुधा पाऊसच. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडणारं पाणी नत्र धुऊन नेतं. पाऊस ओसरला की कुजलेलं शेणखत थोडं थोडं द्या. कुंड्या विटेच्या तुकड्यांवर उचलून ठेवा, आणि समुद्रावरची वाळू मातीत मिसळू नका, तिच्यात मीठ असतं.

जास्वंद फुलते ती नव्या फुटव्यावर, म्हणून छाटणी टाळू नका. चतुर्थीला फुलं हवी असतील तर मृगाच्या आधी, मेच्या शेवटी, एक तृतीयांश फांद्या कापा. भर पावसात कापलेली टोकं कुजतात. कापलेल्यातल्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर फांद्या निवडा, खालची पानं काढा आणि दोन डोळे मातीत जातील अशा सावलीत खोचून ठेवा. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. नवीन लावणाऱ्यांनी सुरुवात एकेरी गावठी लाल जास्वंदीनेच करावी. आपल्या पावसाला तीच टिकते, आणि फांदी कुणाच्याही परड्यात मागितली तर मिळते.