हेल्मेटच्या आधी मान बघा

सांगलीत लहान मुलांची फिजिओथेरपी करते, त्यामुळे हा प्रश्न मला ओपीडीत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, भाजी घेतानाही विचारतात: "बाळाचं डोकं मागून चपटं झालंय, हेल्मेट बसवायचं का?" मोबाइलवर परदेशातल्या बाळांचे, डोक्याला आकार देणारं रंगीबेरंगी हेल्मेट घातलेले फोटो बघितलेले असतात, आणि हो की नाही एवढंच ऐकायचं असतं. मी आधी बाळाची मान बघते.

बाळ एकाच बाजूला तोंड करून झोपतं, दुसरीकडं वळवलं की रडतं, एकाच बाजूला नीट दूध पितं, असं असेल तर बहुतेक वेळा मानेचा एका बाजूचा स्नायू आखडलेला असतो. पोटात जागा कमी पडलेली मुलं, जुळी, अपुऱ्या दिवसांची, यांच्यात डोकं चपटं होण्याचं प्रमाण जास्त. कवटीची हाडं मऊ असतात, त्यांच्या मधल्या शिवणी, म्हणजे हाडं जुळतात ते सांधे, मोकळ्या असतात, आणि भार रोज त्याच जागी येतो. अंघोळ घालणाऱ्या मावशींना हे कित्येकदा डॉक्टरांच्या आधी समजतं. "मान एकाच अंगाला जातीय बघा," असं त्या म्हणाल्या तर ऐका. फक्त डोकं गोल व्हावं म्हणून दाबून चोळू देऊ नका.

"हिनं नीट निजवलंच नाही," असं सासूबाई सुनेसमोर म्हणतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. तिनं बाळाला उताणं निजवलं, ते बरोबरच केलं. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं बाळाला पालथं निजवू नका असं सांगितलं आणि पुढच्या दहा वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. चपटी डोकी वाढली ती त्यानंतर. आकारासाठी पालथं निजवण्याचा विचारही करू नका. पालथं घालायचं ते जागेपणी, कुणीतरी समोर बसून, दिवसातून बऱ्याचदा थोडा थोडा वेळ. पाळण्यात डोक्याची बाजू रोज बदला, म्हणजे खिडकी आणि आई एकदा डावीकडं येईल, एकदा उजवीकडं. आखडलेल्या मानेचे व्यायाम शिकून घ्या, दुपटं बदलताना दरवेळी करा.

मोहरीच्या उशीबद्दल एक आजी माझ्याशी बराच वेळ वाद घालत होत्या. त्यांची सगळी मुलं त्याच उशीवर वाढलेली. त्यांची माया मला दिसत होती, तरी मी नाहीच म्हणाले. झोपलेल्या बाळाच्या तोंडाजवळ मऊ काही नको, नाक दबू शकतं. डोक्याला आकार देणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या उशा वापरू नका, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानंही २०२२ मध्ये बजावलंय.

आता हेल्मेट. ते डोकं दाबत नाही. फुगीर भागाला टेकतं, चपट्या भागावर जागा मोकळी सोडतं, आणि वाढणारं डोकं त्या जागेत भरतं. म्हणून वाढ जोरात असते तेव्हाच, साधारण चौथ्या महिन्यापासून वर्षाच्या आत, त्याचा उपयोग. दिवसाचे २३ तास घालायचं. वाढत्या डोक्याप्रमाणं ते पुन्हा पुन्हा तपासून घ्यावं लागतं. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात घामानं कातडी लाल होते, तेही धरून चला. नेदरलँड्समधला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र चपटेपणाची ८४ बाळं, निम्म्यांना हेल्मेट, निम्म्यांना काहीच नाही. दोन वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांत फरक नव्हता, आणि पूर्ण गोल डोकं दोन्हीकडं साधारण चौथ्या हिश्श्याचंच. हेल्मेटच्या गटातल्या सगळ्या आईबापांनी काही ना काही त्रास सांगितला. मात्र मान आखडलेली आणि फारच तीव्र चपटेपणाची बाळं त्या अभ्यासात नव्हती. म्हणून मान मोकळी करून, कूस बदलूनही सहाव्या महिन्यात डोकं बरंच वाकडं राहिलं असेल, तर हेल्मेटचा विचार जरूर करा. पण दागिने मोडून, कर्ज काढून, मनात भीती धरून नको. या चपटेपणानं मेंदू दबत नाही. बाळ बसायला लागलं, रांगायला लागलं की भार हटतो, आणि पुढं केस येतात.

एक गोष्ट मात्र थांबून चालत नाही. कवटीची शिवण वेळेआधी जुळली तर डोकं वाकडं वाढतं, आणि तिथं नुसत्या हेल्मेटनं भागत नाही, शस्त्रक्रिया लागू शकते. बाळाला मांडीवर बसवून वरून बघा. झोपण्यामुळं चपटं झालं असेल तर बहुधा त्या बाजूचा कान पुढं सरकलेला आणि कपाळही त्याच बाजूला पुढं आलेलं दिसतं. कान मागं ओढल्यासारखा वाटला, शिवणीवर उंच कड हाताला लागली, किंवा जन्मापासूनच आकार वेगळा असून तो वाढत चाललाय असं वाटलं, तर व्यायाम आणि हेल्मेट दोन्ही बाजूला ठेवून त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. डोक्याचा घेर मोजायला सांगा आणि आधीच्या लसीच्या कार्डावर तो लिहिलेला असेल तर ते कार्ड सोबत न्या.